पूर्वजांचे दप्तर : स्कॉटलंडमधले आणि आपले

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



फलकावरचा विषय वाचून दोघा-तिघांनी आम्हाला जिन्यातच गाठले. गणपतीत स्कॉटलंड कुठून आणले, असे त्यांचे म्हणणे. आम्ही राज्य सरकारचे नोकर, डिप्लोमा करून उपयंत्री म्हणून लागलो, आणि वीस-बावीस वर्षे नकाशे, मोजमाप-पुस्तिका आणि फायली यांतच गेली. इतिहासाचे आम्ही पदवीधर नव्हे. पण दप्तर म्हणजे काय, ते कसे ठेवले की सापडते आणि कसे ठेवले की हरवते, हे आम्हाला कळते. आजचा विषय सगळा दप्तराचाच आहे, म्हणून बोलायचे धाडस केले.

निमित्त असे झाले. दोन वर्षांपूर्वी महूच्या छावणीतल्या जुन्या कबरींमध्ये आपल्या खापरपणजोबांचे थडगे शोधायला एक वयस्कर स्कॉटिश जोडपे आले होते. गृहस्थ निवृत्त, बाई शाळेत शिकवून निवृत्त. दुभाष्या म्हणून आम्हाला बोलावणे आले. थडगे सापडले नाही. दगड बरेच झिजले आहेत, काही नाहीसेच झालेत. पण त्यांच्या पिशवीतली फाईल आम्ही तासभर चाळली. सहा पिढ्यांचे जन्म, लग्न, मृत्यू. प्रत्येकाचा धंदा, घराचा पत्ता, आईचे माहेरचे नाव. हे राजेरजवाडे नव्हेत. विणकर, कोळी, खाणकामगार, एक साधा शिपाई. बाईंनी सहज विचारले, तुमच्या पणजीचे माहेरचे आडनाव काय? आम्हाला सांगता आले नाही. सासरचे नावसुद्धा वंशावळीत नव्हते. तिथे फक्त पुरुषांची नावे होती, एकाखाली एक, खांबासारखी.

तेव्हापासून आम्ही हा विषय धरला आणि रात्री जेवण झाल्यावर वाचत गेलो.

स्कॉटलंडमध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची झाली. इंग्लंडमध्ये ती आधीच, १८३७ मध्ये सुरू झाली होती. पण उशिरा आलेल्या स्कॉटिश लोकांनी फॉर्म असा केला की बघत राहावे. मृत्यूच्या नोंदीत मेलेल्याचे आई-बाप दोघेही, आणि आईचे माहेरचे आडनावही. पहिल्या वर्षी, म्हणजे १८५५ मध्ये, तर रकाने इतके होते की मृताची सगळी मुले वयासकट लिहायची, जन्माच्या नोंदीत आई-बापांचे वय आणि जन्मगाव लिहायचे. निबंधक बिचारे लिहून लिहून थकले, आणि पुढच्या वर्षी रकाने कमी केले गेले. ज्याच्या घरात त्या एका वर्षी कुणी जन्मले, कुणाचे लग्न झाले किंवा कुणी गेले, त्याला आज लॉटरी लागल्यासारखे होते. नवीन फॉर्म निघतो, सहा महिन्यांत रकाने कापले जातात, हे आमच्या खात्यात आम्ही कितीदा पाहिले आहे! पण इथे त्या जास्तीच्या रकान्यांनीच दीडशे वर्षांनी लोकांचे भले केले.

१८५५ च्या आधीचे काय? त्यासाठी चर्चच्या वह्या. सुमारे नऊशे पॅरिश, म्हणजे आपल्या भाषेत चर्चची गावकी म्हणा. सगळ्यांत जुनी वही पर्थशायरमधल्या एरल गावची, १५५३ पासूनची. पण सगळीकडे असे नाही. उत्तरेच्या डोंगराळ हायलंडमध्ये आणि बेटांवर नोंदी फार उशिरा सुरू झाल्या. त्यातच १७८३ मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला. गरिबाने काय करावे? पोराचा बाप्तिस्मा केला, पण वहीत चढवलाच नाही. १७९४ मध्ये कर उठला. मधल्या अकरा वर्षांत जन्मलेली कितीतरी माणसे आज शोधणाऱ्यांना मिळत नाहीत, ती त्या तीन पेन्सांपायी.

चर्चच्या दुसऱ्या वह्या आणखी मजेच्या, आणि आणखी दुःखाच्याही. चर्चची पंचमंडळी गावाच्या वागण्यावर देखरेख ठेवत. लग्नाआधी मूल झाले की मुलीला बोलावून बापाचे नाव विचारायचे, बापालाही बोलवायचे, आणि भरसभेत पश्चात्तापाच्या जागी उभे करायचे. कवी रॉबर्ट बर्न्सलाही १७८६ मध्ये मॉखलिन गावी असे उभे राहावे लागले होते. तो पुढे राष्ट्रकवी झाला म्हणून आपल्याला माहीत. पण ज्यांची नावे कोणी घेत नाही अशा शेकडो मोलकरणींच्या आयुष्याचा तेवढाच एक पुरावा उरलेला आहे. त्यांचा अपमान करायला लिहिलेल्या वहीतच त्यांच्या नातवंडांना आज त्या भेटतात.

जनगणनेचे एक सांगतो, कारण बांधकामवाल्याला ते आवडणारच. १८४१ पासून दर दहा वर्षांची घरोघरची यादी उपलब्ध आहे. शंभर वर्षे होईपर्यंत ती बंद ठेवतात, मग उघडतात. १८६१ पासून स्कॉटलंडच्या यादीत एक रकाना आहे, खिडकी असलेल्या खोल्या किती. त्यावरून पणजोबा कसे राहत ते कळते. घरात नऊ माणसे आणि खिडकीची खोली एक, असे वाचले की पुढे काही सांगावे लागत नाही.

आणि जमिनीचे दप्तर! ते १६१७ पासून सलग आहे. पूर्वी जमीन दिली की त्याच जमिनीवर उभे राहून मातीचे ढेकूळ आणि दगड नव्या मालकाच्या हातात द्यायचे. त्या ताब्याच्या विधीवरूनच त्या दप्तराचे नाव पडले. आमच्या पटवारी मित्राला हे सांगितले तर तो म्हणाला, आमच्याकडे नुसते ढेकूळ दिले तर दुसऱ्या दिवशी स्टे येईल.

हे सगळे एडिंबरोला एका छताखाली मिळते. जनरल रजिस्टर हाऊस ही इमारत मुद्दाम दप्तर ठेवण्यासाठीच बांधली. रॉबर्ट अॅडम या वास्तुविशारदाचे काम, १७७४ मध्ये सुरू झालेले. म्हणजे आपल्याकडे नारायणराव पेशव्यांच्या खुनाला एक वर्ष झाले होते. आज घरबसल्या संगणकावरही थोडे पैसे भरून नोंदीचे चित्र बघता येते. मात्र जिवंत माणसांची आबरू राखून. जन्म शंभर वर्षांचे, लग्न पंचाहत्तर वर्षांचे आणि मृत्यू पन्नास वर्षांचा जुना झाल्याशिवाय त्याचे चित्र संगणकावर दिसत नाही. ही गोष्ट आम्ही लक्षात ठेवली आहे, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता नावे. इथे आपल्याला एकदम घरी आल्यासारखे वाटेल. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचे. पहिल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला बापाच्या आईचे. हा त्यांचा जुना रिवाज. सगळेच पाळत असे नाही, पण पाळणारे खूप. म्हणून मुलांच्या नावांवरून आजोबांचे नाव ताडता येते. तोटा असा की एकाच गावात एकाच नावाचे पाच-सहा चुलतभाऊ. ईशान्य किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्त्यांत तर टोपणनावाशिवाय माणूस ओळखताच येईना, तेव्हा ही टोपणनावे सरकारी कागदांतही चढली. आपल्याकडे लांबा, नाना, बाळ्या हे निदान गॅझेटपर्यंत पोहोचले नाहीत.

आणि बायकांची नावे. स्कॉटलंडमध्ये लग्न झाले तरी कायद्याच्या कागदावर बाईचे माहेरचे आडनाव जात नसे. जुन्या थडग्यांवर नवऱ्याच्या शेजारी तिचे स्वतःचे आडनाव कोरलेले दिसते. त्यामुळे आईकडून आईकडे, तिच्या आईकडे असे मागे जाता येते. आपल्याकडे हे करायला बसा म्हणजे कळेल. आपण लग्नात नावसुद्धा बदलत होतो. माहेरची गोदावरी सासरी लक्ष्मी झाली की मागचा धागा तुटलाच.

एक घराणे उदाहरणाला घेतो. डेव्हिड लिव्हिंगस्टन हे नाव आपण शाळेत आफ्रिकेच्या धड्यात वाचले. तो १८१३ मध्ये ग्लासगोजवळ ब्लँटायरला जन्मला, गिरणीच्या चाळीत, एका खोलीच्या घरात. दहाव्या वर्षी गिरणीत कामाला लागला. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत. आता हे घराणे ब्लँटायरचे नव्हेच. आजोबा उल्वा नावाच्या छोट्या पश्चिम बेटावरचे शेतकरी. शेतीवर भागेना म्हणून १७९२ च्या सुमारास बायकापोरांना घेऊन गिरणीच्या गावी आले. तिथे मालकांनी त्यांच्यावर ग्लासगोहून गिरणीची रक्कम आणायचे काम सोपवले, कारण माणूस विश्वासाचा. या आजोबांना मागच्या सहा पिढ्यांच्या हकिकती तोंडपाठ होत्या. वही नाही, कागद नाही. त्यांच्या आधीच्या पिढीतला एक जण १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत पडला होता. ही लढाई म्हणजे हायलंडच्या लोकांचे पानिपत म्हणा. लिव्हिंगस्टनने आपल्या १८५७ च्या पुस्तकात आणखी एक घरातली गोष्ट दिली आहे. एका पूर्वजाने मरताना मुलांना जवळ बोलावून सांगितले, की मी घराण्याच्या सगळ्या जुन्या गोष्टी तपासल्या, त्यात एकही अप्रामाणिक माणूस आढळला नाही. तेव्हा तुमच्यापैकी कोणी तसा निघाला तर ते रक्तात आहे असे म्हणता येणार नाही.

आम्हाला ही गोष्ट फार आवडली. घराण्याचा मोठेपणा सांगायचा, पण मुलाच्या पाठीवर थाप मारण्यासाठी नाही, त्याची सबब काढून घेण्यासाठी!

उल्वाचे पुढे काय झाले तेही ऐका. १८३७ च्या सुमारास बेटावर सहाशेच्या आसपास माणसे होती. नव्या मालकाला मेंढ्या पाळायच्या होत्या, वरून १८४६ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. काही वर्षांत बहुतेक कुळांना हाकलून दिले. १८६४ मध्ये लिव्हिंगस्टन आजोबांचे घर बघायला तिथे गेला, तेव्हा नुसत्या भिंती उभ्या होत्या. आज कॅनडात आणि न्यूझीलंडमध्ये बसून पूर्वज शोधणाऱ्या पुष्कळांची गोष्ट अशाच एखाद्या भिंतीपाशी येऊन थांबते. हौस म्हणून नव्हे, हाकलले गेल्यामुळे हे लोक इतके शोधतात, असे आमचे मत झाले आहे. जो गावातच राहिला त्याला गाव शोधावे लागत नाही. आपण माळव्यात आलेली माणसे. कोणी मल्हाररावांबरोबर आले, कोणी नंतर कारकुनीला, कोणी मास्तर म्हणून. आपल्याला कोणी हाकलले नाही, तरी मूळ गाव विचारले की आपणही साताऱ्याकडचे, नगरकडचे एवढेच म्हणतो आणि हात हवेत फिरवतो.

उल्वाला जाण्याच्या जरासे आधी, त्याच १८६४ मध्ये, लिव्हिंगस्टन स्वतःची छोटी आगबोट घेऊन आफ्रिकेहून थेट मुंबईला आला होता. दुसऱ्या वर्षी पुन्हा आला आणि नाशिकच्या मिशन शाळेतले काही आफ्रिकी तरुण बरोबर घेऊन गेला. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातून सोडवलेल्या मुलांना तेव्हा नाशिकला ठेवून शिकवीत असत. पुढे त्याच शाळेतला जेकब वेनराइट त्याच्या मागे धाडलेल्या तुकडीतून आफ्रिकेत पोहोचला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा झाडावर त्याचे नाव आणि तारीख कोरली ती या जेकबने. प्रेताबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला. आता विचार करा. ज्याचे नाव कोरले त्याच्या आजोबांना सहा पिढ्या पाठ. आणि ज्याने कोरले त्याचे स्वतःचे नावही दुसऱ्याने ठेवलेले. नाशिकच्या गोदाकाठी शिकलेल्या त्या मुलाच्या आईचे नाव कोणत्या दप्तरात शोधायचे?

म्हणून स्कॉटलंडमधले जाणते लोक आता पूर्वजांच्या गोष्टी सांगताना हीही बाजू सांगतात. ब्लँटायरसारख्या गिरण्यांत येणारा कापूस बहुतांशी गुलामांनी पिकवलेला होता. कित्येक स्कॉटिश घराण्यांची वेस्ट इंडीजमध्ये उसाची शेते आणि शेतावर गुलाम होते. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी उठली, तेव्हा मालकांना वीस दशलक्ष पौंड भरपाई मिळाली, गुलामांना काही नाही. कोणाला किती मिळाले, त्याच्या याद्या आज लंडनच्या विद्यापीठाने उघड ठेवल्या आहेत. आपल्या पणजोबांचे नाव त्यात निघाले तर काय करावे? लपवणारे आहेत, लिहिणारेही आहेत. आम्हाला लिहिणारे बरे वाटतात.

खोट्या मोठेपणाचीही तिथे कमी नाही. प्रत्येक कुळाचे ठरावीक चौकड्यांचे कापड फार प्राचीन आहे, असे सांगून विकतात. त्यातले पुष्कळसे एकोणिसाव्या शतकात ठरले. १८४२ मध्ये दोघा भावांनी जुन्या हस्तलिखितावरून म्हणून या कापडांचे एक देखणे पुस्तक छापले, ते हस्तलिखित बनावट ठरले. पण त्यातली कापडे आजही खपतात. आपल्याकडेही शहाण्णव कुळी, अमक्या सरदाराचे वंशज, अशा चौकड्या अंगावर घालणारे काही कमी नाहीत. सभागृहात असतील तर राग मानू नये.

इंदूरचा एक धागा राहिला. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडच्या बॅलेटरला १८५४ मध्ये जन्मलेला, एका सैनिकाचा मुलगा. होळकर दरबारासाठी त्याने इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिला, तो १९१८ मध्ये निघाला. आमच्या खात्यात त्याचे नाव अजून घेतात. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, आधी घरोघर हिंडून बघा, गरज असेल तेवढेच हलवा, हे त्याचे सांगणे. पूर्वज शोधतानाही हेच उपयोगी पडते. वरून मोठा वंशवृक्ष आखू नये, घरोघर हिंडावे.

आम्ही तसे हिंडलो. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे. त्यांना नावे विचारली की ती गप्प बसतात, पण फोटोतले लुगडे कोणाचे असे विचारले की दोन तास बोलतात. मग उज्जैनला, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे. आपल्या लोकांचे खरे रजिस्टर हाऊस तेच. सिंहस्थाला, श्राद्धाला गेलेल्या यजमानाने स्वतः लिहिलेल्या ओळी तिथे आहेत, जुन्या सगळ्या मोडीत. मंडळाच्या वाचनालयातल्या एका ज्येष्ठ सदस्यांना मोडी वाचता येते, त्यांना गाडीत घालून नेले. तिथे आमच्या पणजोबांच्या हातची नोंद निघाली. बरोबर कोण कोण आले त्यांची नावे, आणि त्यात पत्नीचे नाव. ते आमच्या पणजीचे नव्हते.

घरी येऊन विचारले तेव्हा आधी कोणी बोलेना. मग आत्याने सांगितले. पणजोबांचे आधी एक लग्न झाले होते. मूल झाले नाही म्हणून तिला माहेरी पाठवली आणि दुसरे लग्न केले. ती पुढे चाळीस वर्षे माहेरीच जगली म्हणतात. घरात तिचा विषय निघत नसे. श्राद्धाच्या वेळी तिचे नाव घेत नसत. आमच्या घरात कुळवृत्तांताचे काम चालू आहे, त्यात हे घालावे की नाही यावर भावंडांत दोन तट पडले. थोरले काका म्हणाले, गेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढता? आमच्या पत्नी म्हणाल्या, कोणाची अब्रू, त्यांची की तिची? बैठक त्या दिवशी तिथेच मोडली.

त्या स्कॉटिश बाईंना आम्ही हे कळवले. त्यांचे उत्तर चार ओळींचे होते. त्यांच्या घराण्यातही चर्चच्या वहीत सापडलेली अशी एक मुलगी आहे. त्यांनी तिला झाडात घेतले, मात्र आधी तिच्या बाजूचे वंशज शोधून त्यांना विचारले. आम्हाला हे पटले, काकांनाही पटले. तिचे माहेर देवासकडच्या एका गावी असावे असे आत्याला आठवते. भाऊ होता, त्याची नातवंडे असतील. म्हणून तिचे नाव आम्ही आज या व्यासपीठावरून सांगत नाही.

घरच्या वहीत पणजोबांच्या शेजारी तिचे नाव लिहून ठेवले आहे. त्याच्यापुढे आडनावाची आणि गावाची जागा कोरी आहे. अनंत चतुर्दशी झाली की आत्याला घेऊन आम्ही देवासला जाणार आहोत. तिकडचे कोणी या सभागृहात असेल, आणि घरात परत आलेल्या एखाद्या आत्याआजीची गोष्ट ऐकलेली असेल, तर खाली उतरल्यावर आम्हाला जरूर भेटावे.